शेजाऱ्याचा कुत्रा फिरवताना

शेजारी अंथरुणाला खिळले की त्यांचा कुत्रा फिरवून आणण्याचे काम आपण आनंदाने पत्करतो. पण फाटकाबाहेर पडताच तो साखळी ताणू लागतो आणि कोण कोणाला फिरवतो आहे, हेच कळेनासे होते. त्याची चाल मुळातच आपल्यापेक्षा जलद. त्यात, ओढले की माणूस मागून येतो व हवा तो खांब हुंगायला मिळतो, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

म्हणून साखळी ताणली की आम्ही जागीच उभे राहतो. हिसका नाही, ओरडणे नाही. ती सैल पडली की लगेच पाऊल पुढे. बरोबरीने चालला तर खिशातला भाकरीचा तुकडा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात गल्लीचे टोकही गाठले जात नाही. येणारेजाणारे हसतात, हसोत बापडे! मात्र दहा वेळा थांबून अकराव्यांदा कंटाळून मागे गेलो, तर चिकाटीने ओढावे, हाच धडा तो घेतो.

ओढताना गळपट्ट्याचा दाब श्वासनलिकेवर येतो. छातीवर कडी असलेला हार्नेस बरा, पण मालकाला विचारूनच घालावा. साखळी बोटांभोवती कधीही गुंडाळू नये. एका हिसक्यात बोट मोडू शकते.

शेजारी दुखण्यातून उठतील तेव्हा ही साखळी त्यांच्या अशक्त हातात जायची आहे. तेव्हा त्यांच्या मुलालाही हीच रीत दाखवावी. सकाळी आपण थांबलो आणि संध्याकाळी तो मागे धावला, तर सकाळचे शिकवणे फुकट.