बुद्धिबळाचा वर्ग : मुलाला कोठे बसवावे?

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. आर्णीतील पालकांनाही आपले मूल शिकावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु वर्गात घालताना आपण वय सांगतो, इयत्ता सांगतो. त्याला येते काय, हे पाहत नाही. रोहिणी खाडिलकर १९७६ साली १३व्या वर्षीच राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या होत्या!

घरीच परीक्षा घ्यावी. मुलाला राजा व वजीर द्यावा, आपण एकटा राजा घ्यावा. अचूक खेळल्यास जास्तीत जास्त १० चालींत मात होते. मुलाला वीस लागल्या तरी हरकत नाही. मात्र शह नसताना आपल्या राजाला चालच उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. हे ठाऊक नसेल तर सातवीतल्या मुलानेही प्राथमिक वर्गातच बसावे. मात जमते, किल्लेकोट कळतो, चाली लिहिता येतात, तर पुढचा वर्ग.

शेजाऱ्याचा मुलगा वरच्या वर्गात आहे म्हणून आपलाही तेथे कोंबू नये. रोज हरणारे मूल पट गुंडाळते, आणि मजुरीतून भरलेली फी पाण्यात जाते. फी भरण्यापूर्वी दोन-चार दिवस बसू द्याल का, असे शिक्षकांना निःसंकोच विचारावे.