तापण्याचा अवधी : रेडिओ चालू ठेवावा की बंद करावा ?

रेडिओ वा अँप्लिफायर ऐकून झाल्यावर बंद करावा, की चालूच राहू द्यावा, हा वाद संगीताच्या शौकिनांत नेहमीचा आहे. ‘तापलेले यंत्र गोड वाजते’ असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याला विजेचे बिल दिसत असते.

मूर्तिजापूरकरांना तापण्याचा अवधी म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरील आपल्या ‘शकुंतले’चे 1921 साली मँचेस्टरला बनलेले इंजिन 1994 पर्यंत वाफेवर चालले. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला काही तास लागतात. म्हणून वाफेच्या इंजिनातला विस्तव दोन फेऱ्यांच्या मध्ये सहसा विझू देत नसत.

व्हॉल्व्हचा रेडिओ त्याच जातीचा. व्हॉल्व्हमधील तंतू कॅथोडला सुमारे 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितो, तेव्हा कुठे त्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. याला अर्धा मिनिट पुरतो. आवाज अर्ध्या मिनिटात आला, तरी आतली कॉइल व कंडेन्सर तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तोवर शॉर्टवेव्हवरचे स्टेशन हळूहळू सरकत राहते. 1948 साली सुरू झालेले नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर असल्यामुळे तेथे हे फारसे जाणवत नसे. पण सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री 8 वाजता लागे. ती ऐकणारे जाणते लोक रेडिओ आधीच लावून ठेवीत, नाहीतर ऐन गाण्यात काटा फिरवावा लागे.

मग तो दिवसरात्र चालूच का ठेवू नये ? या पक्षाला एक मोठा दाखला मिळतो. 1946 साली अमेरिकेत जाहीर झालेल्या ‘एनिअ‍ॅक’ या गणकयंत्रात सुमारे 18 हजार व्हॉल्व्ह होते, आणि ते बहुतेक यंत्र चालू वा बंद करतानाच जात. म्हणून ते यंत्र बंद करण्याचे टाळीत. कारण उघड आहे. थंड तंतूचा विद्युत्‌रोध कमी असल्यामुळे बटण दाबताच प्रवाहाचा लोंढा येतो, आणि तंतू आकुंचन-प्रसरणाने थकतो. परंतु हा दाखला घराला लागू पडत नाही. व्हॉल्व्हचे आयुष्य काही हजार तासांचे, आणि वर्षाचे तास 8760 ! रोज दोन तास ऐकणाऱ्याने सेट अखंड चालू ठेवला, तर अनेक वर्षांचा ठेवा एक-दोन वर्षांत जळून जाईल. शिवाय 40 वॅटचा सेट महिन्याला सुमारे 29 युनिट खातो, ते वेगळेच.

ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये तंतूच नाही. आवाज लगेच येतो. आतला प्रवाह स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात, एवढेच. त्या काही मिनिटांत स्वर्गीय फरक पडतो असे म्हणणाऱ्यांचा स्वतःचा कानच तोवर गाण्यात रमलेला असतो, असे मला वाटते. उलट, उष्णता दर 10 अंशांनी वाढली की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. त्यात बंद कपाटात चालू ठेवलेल्या अँप्लिफायरची काय गत होत असेल? मृगाच्या तोंडाशी विजा कडाडू लागल्या म्हणजे तर नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग व एरियलची तार दोन्ही काढावीत.

मात्र फार काळ बंद राहणेही वाईट. माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला आजोबांचा रेडिओ खाली उतरवून उत्साहाने एकदम प्लगला लावला, की त्यातील कंडेन्सर फुटण्याची भीती असते, कारण त्याच्या आतला ऑक्साइडचा पापुद्रा विरलेला असतो. कधीकधी ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि मग सेट कायमचा मुका होतो. असा सेट आधी जाणकार मेकॅनिकला उघडून दाखवावा. तो त्याच्याशी ओळीने 60 वॅटचा साधा दिवा जोडतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून तो लगेच प्लग काढतो.