बॅटरीची भरती आणि तब्येत

व्यापारी व कारागीर बंधूंनो, जुनी लिथियम बॅटरी घेताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. आत्ता किती वीज भरलेली आहे, ही झाली भरती. पूर्ण भरल्यावर एकूण किती वीज मावते, ही तब्येत. विकणारा भरती दाखवतो. पैसे मात्र तब्येतीचे द्यायचे असतात.

नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नये. ई-रिक्षा व इन्व्हर्टरमध्ये वापरल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेट जातीच्या सेलचे व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ च्या आसपासच राहते. म्हणून अनेक बॅटऱ्यांतील मीटर आत-बाहेर गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवतो. त्यात बारीक चुका साठत जातात. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळवला जातो.

खरी परीक्षा सोपी आहे. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरून तिच्यावर २० अँपिअरचा स्थिर भार टाकावा. संरक्षक सर्किटने पुरवठा तोडेपर्यंत ती चार तास चालली, तर ८० अँपिअर-तास मिळाले. म्हणजे तब्येत ८० टक्के. वाहनासाठी इथवर उतरलेली बॅटरी सहसा थकलेली धरतात. हलक्या कामाला ती चालते. परीक्षेला चार-पाच तास जातील. सौदा त्यानंतरच करावा.