सुती कापडाचा रंग आणि नदीचे पाणी

गेल्या पालक सभेत गणवेशाच्या कापडाचा विषय निघाला. इस्त्री न लागणारे, डाग न धरणारे कापड घ्यावे अशी काही पालकांची सूचना होती, तर काहींचा आग्रह साध्या सुतीचा होता. विश्वस्त मंडळाने विज्ञान विभागाचे मत मागवले आहे. मत देण्याआधी कापड रंगते कसे आणि त्याच्यावर 'फिनिश' चढवतात म्हणजे नेमके काय करतात, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मिळून समजून घ्यावे असे आम्हाला वाटले, म्हणून हा पाठ.

मुलांनो, कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो मणी ओवून केलेली लांबच लांब माळ. प्रत्येक मण्याला हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांची पाण्याशी मैत्री असते, म्हणून सुती बनियन घाम टिपते. रंगाशी मात्र या माळेची तितकी मैत्री नाही. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत, ती वनस्पतींचे रंग सहज धरतात. सुताला मध्यस्थ लागतो. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग लगेच बसतो हे खरे, पण दोन दिवस उन्हात टाकला की तो उडतो. रंग लागणे वेगळे आणि रंग टिकणे वेगळे.

हा मध्यस्थ म्हणजे रंगबंधक. त्याचा उत्तम नमुना पाहायला आपल्याला राज्याबाहेर जावे लागत नाही. गौहर महालातल्या प्रदर्शनात किंवा मृगनयनीच्या दुकानात लाल-काळ्या ठशांच्या चादरी आणि साड्या आपण पाहिल्या असतील. ती बाघची छपाई. धार जिल्ह्यातले बाघ हे गाव प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण छपाई तिथे तुलनेने अलीकडे आली. या खत्री कुटुंबांचे पूर्वज सिंधमधून मारवाडमार्गे मनावरला आले आणि १९६२ साली त्यांनी बाघला, बाघिनी नदीच्या काठी बस्तान हलवले. इस्माईल सुलेमान खत्री यांनी ही कला देशभर नेली. २००८ साली बाघ छपाईला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

तिथली कृती ऐकून प्रथम हसू येईल. कोरे कापड खाऱ्या मातकट सोड्याच्या, एरंडेलाच्या आणि बकरीच्या लेंड्यांच्या मिश्रणात तुडवून भिजवतात, वाळवतात आणि हे पुन्हा पुन्हा करतात. यात अंधश्रद्धा काही नाही. अल्क आणि तेल मिळून साबणासारखा पदार्थ होतो, तो धाग्यावरची खळ आणि मेण सोडवतो. मेण गेल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, आणि पाणी शिरल्याशिवाय रंग कसा शिरणार? मग कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. ते सेल्युलोजला चिकटून बसते आणि कापड पिवळसर होते.

आता ठसे. लालसाठी तुरटी आणि काळ्यासाठी हिराकस, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत कालवलेले. हिराकस हिरड्याला भेटताच काळे पडते. जुन्या काळी शाई अशीच करीत. तुरटीचा ठसा मात्र त्या वेळी लाल दिसतच नाही. कापड काही दिवस मुरवत ठेवतात, वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात अ‍ॅलिझारिन आणि धायटीची फुले घालून उकळतात. जिथे तुरटी होती तिथे अ‍ॅल्युमिनियमशी जोडून लाल उमटतो, लोखंड होते तिथला काळा आणखी गडद होतो आणि जिथे काहीच नव्हते तिथे रंग टिकत नाही. एकाच भांड्यात बुडवलेले कापड दोन रंग घेऊन बाहेर येते! पूर्वी इजिप्तमध्ये हीच युक्ती पाहून रोमन लेखक प्लिनी चकित झाला होता, आणि मोहेंजोदडोला सापडलेल्या कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठाच्या जातीचा लाल रंग आढळला आहे. भावसार, रंगारी, निराळी ही आडनावे आपल्याकडे कुठून आली तेही यावरून ध्यानात येईल. निराळी म्हणजे निळीची रंगाई करणारे.

वाहते पाणी या कृतीचा कणा आहे. धुताना सुटलेली तुरटी आणि लोखंड पांढऱ्या भागावर पुन्हा बसू नये म्हणून कापड वाहत्या धारेत मोकळे सोडावे लागते. साचलेल्या डबक्यात पांढरा भाग काळपट होतो. बाघिनीच्या पाण्यातल्या क्षारांमुळे रंगाला चमक येते असे कारागीर सांगतात. ते कसेही असो, नदी आटली की छपाई अडते एवढे नक्की. हीच गोष्ट उज्जैनजवळच्या भैरूगडची, क्षिप्रेकाठची.

पण 'नैसर्गिक' या शब्दावर भाळू नये. पूर्वी लाल रंग मंजिष्ठाच्या आणि आलाच्या मुळांतून येई. आल म्हणजे आपली बारतोंडी. माळवा, बुंदेलखंड, विदर्भ इथे तिची शेती होत असे आणि तीन-चार वर्षांनी झाड उपटून मुळे काढीत. १८६८ साली ग्रेब आणि लिबरमान या जर्मन रसायनज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या अँथ्रासीनमधून अ‍ॅलिझारिन तयार केले आणि काही वर्षांतच ही शेती बुडाली. आज छपाईच्या भट्टीत पडणारे अ‍ॅलिझारिन बहुतेक कारखान्यातलेच असते. रेणू तोच, त्यामुळे आम्हाला त्यात गैर वाटत नाही. उलट भट्टीखाली जळणारे लाकूड आणि सांडपाण्यातला हिराकस यांचा हिशेब नैसर्गिक रंगवाल्यांनीही द्यायला हवा.

आपल्या अंगावरचे बहुतेक रंगीत सुती कपडे मात्र वेगळ्या रीतीने रंगतात. १९५६ साली इंग्लंडमधून 'रिअ‍ॅक्टिव्ह' रंग बाजारात आले. ते सोड्याच्या साहाय्याने थेट सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक बंध जोडतात, मध्यस्थाची गरज नाही. म्हणून हे रंग इतके पक्के असतात. अडचण अशी की रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलण्यासाठी मीठ लागते, गडद छटेला तर लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम. शिवाय रंगाचा काही भाग कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि वाया जातो. एक किलो कापड रंगवून धुवायला साधारण ७० ते १५० लिटर पाणी लागते. रंगीत पाणी डोळ्यांना दिसते, मीठ दिसत नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीत असेच पाणी सोडले, खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आणि जमिनी खारावल्या, ओरत्तुपाळयमचे धरण सिंचनाला निरुपयोगी झाले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळणाऱ्यांनाच पुन्हा परवानगी मिळाली. हजारो कामगारांचे हाल झाले हेही विसरता येत नाही. आपल्या इचलकरंजीत आणि पंचगंगेकाठी हाच झगडा चालला आहे. वस्तीशेजारी कोणते रसायन आहे हे विचारायला हवे, हे भोपाळच्या माणसाला १९८४ नंतर कोणी शिकवावे लागत नाही.

उपाय नाहीत असे नाही. कापडाला रंग आणि सोडा एकदमच पाजून, गुंडाळी करून, रात्रभर थंड जागी फिरत ठेवण्याची पद्धत आहे. तिला मीठ लागत नाही आणि पाणीही कमी पुरते. कापसाला आधीच धन विद्युतभार देऊन रंग मिठाविना ओढून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. कॉस्टिक सोड्यात उकळण्याऐवजी पेक्टिनेज विकरांनी कापड साफ करता येते. दही विरजण्यासारखे मंद आणि सौम्य काम.

आता फिनिश. सुती कापड चुरगळते, कारण ओले झाल्यावर सेल्युलोजच्या माळा एकमेकींवरून सरकतात आणि सुकताना नव्या जागी अडकतात. इस्त्री न लागणाऱ्या कापडात या माळा रासायनिक टाक्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. असे टाके घालणाऱ्या नेहमीच्या राळेतून थोडे फॉर्माल्डिहाइड सुटते. त्याने डोळे चुरचुरतात, काहींच्या त्वचेला पुरळ येते. जपानने त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी किलोमागे ७५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तान्ह्या बाळांसाठी ती याहून फारच कडक आहे. शिवाय बांधलेला धागा ताठर होतो आणि लवकर फाटतो. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने हेच टाके फॉर्माल्डिहाइडशिवाय घालता येतात. कापड थोडे पिवळसर होते हा त्याचा दोष. पाणी आणि डाग झटकणारी जुनी फ्लोरिनयुक्त रसायने तर निसर्गात विघटन पावतच नाहीत. त्यांपैकी दोन, पीएफओएस आणि पीएफओए, अनुक्रमे २००९ आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आली. जंतुनाशक म्हणून लावलेली चांदी धुण्यागणिक गटारात जाते.

तेव्हा गणवेशापुरते आमचे मत असे: शर्ट साधा सुती किंवा सुतीचे प्रमाण जास्त असलेला घ्यावा, डाग-रोधक आणि जंतुनाशक फिनिश नको. रोज इस्त्री करणाऱ्या आईचे कष्ट आम्हाला दिसतात. त्यावर उपाय म्हणून किंचित चुरगळलेला शर्ट शाळेने चालवून घ्यावा. पुरवठादाराकडून फॉर्माल्डिहाइडचा आणि निषिद्ध अ‍ॅझो रंगांचा तपासणी अहवाल मागावा. यांतल्या कित्येक रंगांवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. आणि नवा कपडा अंगावर चढवण्याआधी घरी एकदा जरूर धुवावा.

ज्यांना हात रंगवायचे असतील त्यांनी मोठ्यांच्या देखरेखीत हा प्रयोग करावा. १०० ग्रॅम मांजरपाट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुवा. २० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा, पिळून सावलीत वाळवा. मग त्याचे तीन तुकडे करा. एक तसाच ठेवा, दुसरा तुरटीच्या पाण्यात तासभर बुडवा, तिसऱ्यावर गंजक्या खिळ्यांचे पाणी ब्रशने लावा. तिन्ही एकाच भांड्यात, काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या मंजिष्ठाबरोबर मंद आचेवर तासभर तापवा. भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. मोरचूद वापरण्याचा मोह टाळा, ते विषारी आहे. तिन्ही तुकडे साबणाने धुऊन एका अर्ध्यावर पुठ्ठा झाकून आठवडाभर उन्हात ठेवा आणि झाकलेला व उघडा भाग ताडून पाहा. किती पाणी लागले ते मगने मोजून वहीत लिहा. आकडा रंगाच्या नोंदीशेजारीच हवा.