शहराची रोजनिशी

गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकातून चार रस्ते चार दिशांना जातात. एक चंद्रपूरकडे, दुसरा आरमोरीकडे, तिसरा धानोऱ्याकडे आणि चौथा चामोर्शीकडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तालुक्याचे हे गाव जिल्ह्याचे मुख्य ठाणे बनले. ही तारीख सरकारी कागदांत नोंदलेली आहे व ती कधी पुसली जाणार नाही. परंतु त्या दिवशी येथील बाजारात तांदूळ कोणत्या भावाने विकला गेला, चंद्रपूरची एस. टी. वेळेवर आली की चिखलात अडकली, चहाच्या दुकानात बसलेली माणसे नव्या जिल्ह्याविषयी काय बोलत होती, हे कोणत्याही राजपत्रात सापडावयाचे नाही. तो दिवस पाहिलेली पुष्कळ माणसे अद्याप हयात आहेत. मात्र त्यांपैकी दोघांना हाच प्रश्न विचारला, तर दोन निरनिराळी उत्तरे मिळण्याचाच संभव अधिक. कारण सणासुदीचा दिवस मनुष्याच्या ध्यानात राहतो. रोजचा दिवस तो विसरतो.

हा रोजचा दिवस टिपून ठेवण्याचे साधन म्हणजे रोजनिशी. हा शब्द आपल्या भाषेत फारसीतून आला. त्यातील ‘निशी’ म्हणजे लिहिणे. फडणविशी आणि चिटणिशी या शब्दांतही तेच पद दडलेले आहे. पेशव्यांच्या दप्तरात दररोजच्या जमाखर्चाच्या व हुकमांच्या नोंदी कारकून मोठ्या काळजीने करीत असत आणि इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचा फार उपयोग झाला आहे. पण त्या नोंदी राज्याच्या. एखाद्या साध्या गृहस्थाने, कोणी सांगितले नसता, आपण राहतो त्या शहराचा नित्याचा व्यवहार पाहावा आणि लिहून ठेवावा, ही गोष्ट वेगळी आहे. मराठीत असे काम मोठ्या प्रमाणावर प्रथम केले ते मुंबईच्या एका शिक्षकाने.

त्याचे नाव गोविंद नारायण माडगावकर. त्याचा जन्म १८१५ साली गोव्यातील मडगाव येथे झाला. १८२४ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, तो आपल्या कुटुंबाबरोबर मुंबईस आला. तेथेच तो शिकला आणि पुढे मिशनऱ्यांच्या एका शाळेत शिक्षक झाला. स्वच्छता, दारूचे दुष्परिणाम अशा विषयांवर त्याने छोटी छोटी पुस्तके लिहिली. आज ती फारशी कोणी वाचत नाही. परंतु १८६३ साली त्याने ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्या एका पुस्तकाने त्याचे नाव राखले.

चाळीस वर्षे एकाच शहरात राहून, त्याच्या गल्ल्यांतून पायी हिंडून, त्याने हे पुस्तक सिद्ध केले. मुंबई हे नाव कसे पडले, येथे पूर्वी कोण राहत होते, तळी व देवळे कोठे आहेत, कोणत्या बाजारात काय मिळते, निरनिराळ्या जातींचे लोक कसा पोशाख करतात, वर्तमानपत्रे कोणती निघतात, असे हजार विषय त्यात आले आहेत. शिक्षकाचा स्वभाव या लिखाणात ठायी ठायी दिसतो. नुसते ‘पुष्कळ’ म्हणून त्याचे समाधान होत नाही. शक्य तेथे तो मोजमाप देतो. क्वचित तो उपदेश करू लागतो, आणि इंग्रजी राज्याविषयी त्याला वाटणारे कौतुक आजच्या वाचकाला जड जाते. पण ज्या गोष्टी त्याने डोळ्यांनी पाहिल्या, त्या सांगताना त्याची लेखणी सरळ चालते.

या पुस्तकाचे मोल कळण्यासाठी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, त्यास अवघी दहा वर्षे झाली होती. कापडाची पहिली गिरणी नुकतीच उभी राहिली होती. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले ते १८६० च्या सुमारास. तोपर्यंत विहिरी व तळी यांवर मुंबईकरांची तहान भागत असे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ पासून कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. शहराची पहिली खानेसुमारी १८६४ साली झाली व तीत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. याच सुमारास जुन्या किल्ल्याचा कोट पाडावयास प्रारंभ झाला. म्हणजे जुनी मुंबई डोळ्यांदेखत जात होती आणि नवी येत होती. अशा वेळी हा शिक्षक टाक हाती घेऊन बसला. १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला आणि त्याच वर्षी गोविंद नारायणही वारला. दोन वर्षे आळस केला असता, तर हे पुस्तक झालेच नसते.

आज धोबीतलाव येथे तळे नाही, गोवालिया टँक येथेही नाही. पाणी गेले, नावे राहिली. त्या काळच्या मुंबईचे हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचविणाऱ्यांत गोविंद नारायण पहिल्या रांगेत बसतो. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ साली, न. र. फाटक यांनी त्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादित केली. मुरली रंगनाथन यांनी अलीकडे त्याचे इंग्रजी भाषांतरही केले आहे. मुंबईचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्वानाला आज या शाळामास्तराच्या दारावरून गेल्यावाचून गत्यंतर नाही.

इतर देशांतही असे लिहिणारे होऊन गेले. लंडनचा सॅम्युएल पेपीस हा आरमाराच्या कचेरीतील एक अधिकारी. त्याने १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली. पुढे डोळे अधू होऊ लागल्यामुळे ती थांबविली. १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची मोठी आग त्याने पाहिली. आग जवळ येऊ लागली तेव्हा त्याने आपल्या मद्याबरोबर चीजही बागेत खड्डा खणून पुरून ठेवले, आणि तेही न लाजता लिहिले! पेपीस हा काही थोर पुरुष नव्हे, आणि तसा आव त्याने आणलाही नाही. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतर त्याच्यावर विश्वास बसतो. आपल्या देशात पाँडेचेरीच्या फ्रेंचांचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याने १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळ भाषेत रोजनिशी लिहिली. तिच्यात डुप्लेच्या राजकारणाबरोबर बंदरात आलेली जहाजे आहेत, बाजारातील व्यवहार आहेत आणि गावातील कुजबूजही आहे.

आता आपल्या चांद्याकडे वळावे. चंद्रपूरच्या गोंड राजांनी बांधलेला कोट मुंबईच्या कोटासारखा नाहीसा झाला नाही. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत. हनुमान, विठोबा, चोर, मसाण आणि बगड या खिडक्यांची नावेही लोकांच्या तोंडी आहेत. जटपुरा दरवाजातून दिवसभर माणसांची व वाहनांची रीघ लागलेली असते. गोविंद नारायणाच्या पुस्तकानंतर सहाच वर्षांनी, १८६९ साली, मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा मोठा अहवाल लिहिला. तो अभ्यासपूर्ण आहे व इतिहासकार त्याचा आदराने उपयोग करतात. पण तो इंग्रजीत, सरकारासाठी आणि साऱ्याच्या आकारणीसाठी लिहिलेला आहे. जटपुरा दरवाजातून सकाळी डोक्यावर मोळी घेऊन आत येणारी बाई संध्याकाळी त्या पैशांतून काय विकत घेऊन परतत असे, हे विचारण्याचे त्या अधिकाऱ्याला कारण नव्हते. दगड राहिले आणि माणसे गेली, असे चांद्यात झाले.

येथे कोणी म्हणेल, की लिहिण्याची एवढी घाई कशासाठी? म्हातारपणी निवांतपणे आठवून लिहिता येईलच. विष्णुभट गोडसे यांनी तसे केले. १८५७ साली ते उत्तरेकडे गेले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, आणि सुमारे २५ वर्षांनी चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून ‘माझा प्रवास’ लिहिला. तो वाचनीय आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्या डोळ्यांदेखत तोफा डागल्या गेल्या, त्याला पंचवीस वर्षे सर्व आठवत राहावे, यात नवल ते काय? नेहमीच्या मंगळवारी भाजी कोणत्या दराने आणली, हे मात्र पंचवीस दिवसांनीही आठवत नाही. ते त्याच रात्री लिहावे लागते.

गडचिरोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने रोजनिशी लिहावयाची ठरविली, तर त्याला विषयांची वाण पडणार नाही. उन्हाळ्याच्या आरंभी पहाटे मोहफुले वेचली जातात. पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो. पावसाळ्यात बाजारात बांबूचे वास्ते येतात, तरोटा येतो. त्या बाजारात कान देऊन उभे राहिले, तर मराठीची झाडीबोली ऐकू येते, गोंडी आणि माडिया ऐकू येते. तेलुगू, छत्तीसगढी व बंगालीही कानी पडते. दिवाळी झाली, की वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव जाऊ लागतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र संपेपर्यंत चालतात. वैनगंगेला आणि कठाणीला पूर आला, की रस्ते बंद पडतात व गाव बेटासारखे होते. या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत, आणि सर्वांना ठाऊक आहेत म्हणूनच कोणी लिहीत नाही.

परंतु ‘आज बाजारात खूप गर्दी होती, मजा आली’ असे लिहिले, तर त्याचा दहा वर्षांनी कोणासच उपयोग नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. गर्दी कोठपर्यंत पोचली होती? वास्ते विकणारी बाई कोणत्या गावाहून आली होती, आणि ती पायी आली की गाडीने? तिने माल वजनाने दिला की वाट्याने? एक वाटा किती रुपयांचा? पुराचे पाणी चढले असेल, तर ते कोणत्या घराच्या कितव्या पायरीस लागले आणि किती वाजता उतरू लागले? जे स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे. जे ऐकले, ते कोणाकडून ऐकले हे लिहून मग लिहावे. या दोहोंची सरमिसळ झाली, की रोजनिशीची किंमत गेली. शेजाऱ्याच्या घरातील खासगी गोष्टी मात्र वहीत घेऊ नयेत. पेपीसने बऱ्याच घेतल्या होत्या, पण त्याने ती वही लघुलिपीत लिहिली होती व ती छापली गेली १८२५ साली, तो वारल्यावर सव्वाशे वर्षांनी.

हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे आणि छायाचित्रे तर क्षणोक्षणी काढली जातात. मग वहीची गरज काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण छायाचित्रात वास्त्यांचा ढीग दिसतो, भाव दिसत नाही. हसणारी चार माणसे दिसतात. ती कोण, हे वीस वर्षांनी सांगणार कोण? चित्राखाली दोन ओळी लिहिल्या, तर तेच चित्र बोलू लागते. साधन कोणते वापरावे याला फारसे महत्त्व नाही. (वही वापरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही, की बल्लारपूरच्या कारखान्यात कागद तयार झाला तो याच भागातील रानांतील बांबूपासून.)

वडसा ते गडचिरोली लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आलेले आहे. १८५३ साली ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, तेव्हा चौदा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते आणि एकवीस तोफांची सलामी झाली, हे सर्व ग्रंथांत नमूद आहे. गडचिरोलीस पहिली गाडी येते त्या दिवसाचेही तसेच वर्णन होते; पाहुण्यांची नावे, भाषणे आणि हारतुरे वर्तमानपत्रे छापतात. त्याच्या आदल्या दिवशी, वडशाला जाण्यासाठी गडचिरोलीच्या बसस्थानकावर पिशवी घेऊन कोण कोण उभे होते, बस किती वाजता सुटली आणि तिकीट किती पडले, एवढे मात्र कोणाच्या तरी वहीत, तारखेसह, आधीच लिहून ठेवलेले असावे लागते.