कामगारांचे चर्चासत्र यशस्वी कसे करावे?

'सेमिनार' हा शब्द आपल्या महाविद्यालयात आता इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ कोणी विचारीत नाही. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी तो सांगितला तेव्हा मला मोठी गंमत वाटली. 'सेमिनारियम' या लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका. जेथे बी पेरून रोपे तयार करावयाची आणि मग ती उचलून शेतात लावावयाची, ती जागा. मराठीत आपण चर्चासत्र, परिसंवाद, शिबिर असे शब्द वापरतो. शब्द कोणताही घ्या, त्याची कसोटी एकच. तेथे तयार झालेले रोप कारखान्यात जाऊन जगले की नाही?

ही कसोटी मला प्रथम घरात सापडली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सोलापुरातील टॉवेलच्या एका कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. आजोबा गिरणीत होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या कारखान्यात 'कामगार सुरक्षा' या विषयावर एक सेमिनार झाला. पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुण्यांना हार-नारळ झाले, पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चित्रे दाखविण्यात आली, शेवटी चहा-बिस्किटे व प्रत्येकाला कानात घालावयाच्या बोळ्यांची एक डबी. रात्री मी विचारले, "अण्णा, काय सांगितलं आज?"

अण्णा म्हणाले, "च्या चांगला होता."

मी पुन्हा, मोठ्याने विचारले. तेव्हा म्हणाले, "मागं बसलो होतो. पंखे चालू होते. मला काय ऐकू आलं नाही बघ."

वीस-बावीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहून अण्णांचे कान अधू झाले आहेत, आणि त्या दिवशीच्या व्याख्यानाचा विषय होता आवाजापासून कानांचे रक्षण! हजेरीपटावर मात्र त्यांची सही आहे. कागदोपत्री तो सेमिनार यशस्वी झाला. डबी पुढे आमच्या ट्रंकेत पडून राहिली.

तेव्हापासून कामगारांचे चर्चासत्र कसे असावे, या प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला. या वर्षी प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. थोडे वाचले, पुष्कळ विचारले आणि अखेर त्याच कारखान्यात एक लहानसे चर्चासत्र भरविण्यात मदतही केली. त्यावरून जे शिकले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

विषय कोणाचा?

चर्चासत्राची तयारी खुर्च्या मोजण्यापासून सुरू होत नाही. 'हे कशासाठी?' या प्रश्नापासून ती सुरू होते. पुष्कळदा कायद्याची पूर्तता हेच उत्तर असते. कायदा आहे हे चांगलेच आहे. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने कामगाराला आपल्या सुरक्षेसंबंधी माहिती मागण्याचा व प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याने तर वेळोवेळी कार्यशाळा घेण्याची जबाबदारी मालकावरच टाकली. परंतु कायदा फार तर माणसांना एका जागी आणून बसवील. त्यांना ऐकावेसे वाटण्यासाठी विषय त्यांचा असावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्या मजुराला बरे होईपर्यंत मदत, अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात मागच्या रांगेला प्रत्येक शब्द ऐकू जाणे शक्यच नव्हते. पण विषय तिला आधीपासून ठाऊक होता, कारण तो तिचाच होता.

म्हणून मी प्रथम कारखान्यात जाऊन माग चालविणाऱ्यांना, कांडी भरणाऱ्या बायकांना आणि जॉबरना एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला काय विचारायचं आहे?" कानांचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर येईल असे मला वाटत होते. बायकांनी प्रथम खोकला आणि नाकातोंडात जाणारा कापसाचा फुफाटा सांगितला, पुरुषांनी कंबर आणि पाय. कानांबद्दल विचारल्यावर एक काका हसून म्हणाले, "मागावर हाय म्हटल्यावर कान जाणारच की!" जे गेले ते जाणारच होते, अशी समजूत झाली की माणूस तक्रारही करीत नाही. एकाच दिवशी सारे सांगणे अशक्य होते, म्हणून आम्ही दोनच विषय घेतले, कान आणि फुफाटा. एका चर्चासत्रात दोनांहून अधिक विषय घेऊ नयेत, हा मला मिळालेला पहिला धडा.

वेळ आणि मजुरी

आपल्याकडे बहुतेक मागवाल्यांना कामाच्या नगावर मजुरी मिळते. विडी वळणाऱ्या माझ्या मावशीचाही हिशेब हजार विड्यांवर होतो. अशा माणसाला तीन तास खुर्चीवर बसविले तर ते तीन तास त्याच्या मजुरीतून कापले जातात. मग त्याचे कान वक्त्याकडे आणि डोळे घड्याळाकडे लागतात. तेव्हा चर्चासत्राच्या खर्चाच्या यादीत हार-नारळाच्या आधी मजुरीची रक्कम लिहिली पाहिजे.

मालकांचीही बाजू आहे, आणि ती मी त्यांच्याकडूनच ऐकली. माग थांबले की माल थांबतो, आणि टॉवेलची मागणी वेळेवर पुरी करावयाची असते. त्यांनी स्वतःच तोडगा सुचविला. वीज मंडळाने दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवण्याचे कळविले होते. त्या दिवशी माग बंदच राहणार, तर सकाळी तीन तास चर्चासत्र घ्यावे. अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा विषय काढताना माझा घसा कोरडा पडला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "बघू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मुनीमजींकडून होकार आला.

तारीख ठरविताना गावाचे पंचांग पाहावे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव, लग्नसराई आणि एप्रिल-मे महिन्यांतील सोलापूरचे ऊन या चार गोष्टी टाळल्या म्हणजे निम्मे काम झाले.

जागा आणि भाषा

वीज नसल्यामुळे पंखे नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता, पडदाही नव्हता. आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या आणि तीस-पस्तीस जण गोल बसलो. गोल बसल्यावर मागची रांगच उरत नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना बोलणाऱ्याच्या समोर बसविले, कारण ऐकू कमी येणारा माणूस ओठांवरून बरेच समजून घेतो. अण्णा मध्यभागी बसले होते.

सोलापूरच्या कारखान्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही भाषा एकाच मागाभोवती ऐकू येतात. पुष्कळांना मराठी बोलता येते. पण वाचता येतेच असे नाही. म्हणून आम्ही फलकावर अक्षरांऐवजी वस्तू ठेवल्या. खरा बोळा, खरा मुखपट्टा आणि गाळणीतून काढलेला मूठभर फुफाटा. मराठीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट एका जॉबरनी तेलुगूत पुन्हा सांगावी असे ठरले. त्यात वेळ जातो, पण तो वाया जात नाही. एकच गोष्ट दोनदा कानांवर पडते.

व्याख्यान की चर्चा?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे सहसा न खाल्ले जाणारे भाग गृहिणींनी वापरावेत यासाठी कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. काही गटांना तज्ज्ञांनी उत्तम व्याख्यान दिले. काही गटांनी आपसांत चर्चा करून स्वतः निर्णय घेतला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ स्त्रियांनी ते पदार्थ करून पाहिले होते, तर चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी. माहिती दोघींकडेही होती. निर्णय मात्र एकीनेच चारचौघींत घेतला होता.

आपल्या देशातही हे तत्त्व ओळखले गेले होते. १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाने, ज्याला पुढे दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव देण्यात आले, तीन पायऱ्यांची पद्धत बसविली. शिक्षण अधिकारी कामगारांतूनच निवडलेल्यांना 'कामगार-शिक्षक' म्हणून तयार करीत, आणि हे कामगार-शिक्षक आपल्या कारखान्यात जाऊन सोबत्यांचे वर्ग घेत. मागावरच्या माणसाचे मागावरच्या माणसाला पटते, हे त्यामागचे साधे शहाणपण होय.

आम्ही डॉक्टरांना वीसच मिनिटे दिली. त्यांनी सांगितले की कानाच्या आत अतिशय नाजूक पेशी असतात, मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरतात आणि मागांच्या शेडमध्ये आवाज तिच्याही वर जाऊ शकतो. मग आठ-आठ जणांचे गट केले आणि विचारले, "बोळे मिळाले होते, मग घालत का नाही?"

येथे जे बाहेर आले ते कोणत्याही व्याख्यात्याने सांगितले नसते. एक तरुण कामगार म्हणाला, "मागाचा आवाज बदलला की कळतं काहीतरी बिघडलंय. कानात बोळा घातल्यावर कसं कळणार?" दुसरा म्हणाला, "फुफाट्याचे हात कानाला लावले की खाज सुटते." म्हणजे ते आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांच्याजवळ कारणे होती आणि ती कोणी विचारली नव्हती. डॉक्टरांनी समजाविले की बोळ्याने आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. चार-दोन दिवसांत कान सरावतात आणि मागाचा बदललेला सूर ओळखू येतो. बोळा हात धुऊनच हाताळावा. तो बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवावे. हे करून दाखवायला जॉबर पुढे झाले. पाठोपाठ सर्वांनी करून पाहिले. शेडच्या दाराशी पाण्याचा नळ आणि साबण असावा, ही मागणी तेथेच ठरली. तिला खर्च तो किती! पण मागच्या सेमिनारात ती सुचली नव्हती.

नंतर काय?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांत मांडले. लोकांना ते आवडले का, ते काही शिकले का, कामावर गेल्यावर तसे वागले का, आणि त्यातून काही फळ मिळाले का? आपले बहुतेक सेमिनार पहिल्या पायरीवर थांबतात. अण्णांचा "च्या चांगला होता" हा अभिप्राय नेमका पहिल्या पायरीचा आहे, हे वाचताना माझ्या लक्षात आले आणि हसू येता येता डोळे भरून आले.

तिसरी पायरी मोजण्यासाठी मी महिन्याने पुन्हा कारखान्यात गेले. नळ बसला होता. दहा-बारा जणांच्या कानात बोळे होते, त्यांत तरुण अधिक. काहींच्या खिशात होते, काहींनी हरवले होते. कांडीखात्यातील बहुतेक बायकांनी मुखपट्टा बांधला होता, पण उकडते म्हणून तो गळ्यात उतरविलेल्याही दिसल्या. याला यश म्हणावे की अपयश, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते चर्चासत्र संपते त्या दिवशी त्याचे निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे हे असे पुन्हा जाऊन पाहण्याचे असते, आणि त्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी.

अण्णांचे कान आता परत येणार नाहीत. त्या दिवशी कडुनिंबाखाली त्यांनी सारे ऐकले, आणि ऐकून झाल्यावर त्यांना पहिल्यांदा कळले की जे गेले ते जाणारच होते असे नाही. घरी येईपर्यंत ते गप्प होते. हे त्यांना न कळते तर बरे झाले असते का, असेही माझ्या मनात आले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ट्रंकेतली ती जुनी डबी काढली आणि शेजारच्या मागावर नव्याने लागलेल्या पोराला नेऊन दिली.

मित्रहो, आपल्याही महाविद्यालयात वर्षभर चर्चासत्रे होतात. आपण सह्या करतो, प्रमाणपत्रे घेतो, चहा घेतो. गुरुजनांची क्षमा मागून एवढेच सुचवावेसे वाटते की पुढच्या वेळी सभागृहातील शेवटच्या रांगेत जाऊन कोणीतरी विचारावे, "इथवर ऐकू येतंय ना?"