दूरची वही

मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून सुमारे दीड हजार किलोमीटर गेले, की ओमान हा देश लागतो. मस्कत ही त्याची राजधानी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उघडे, तपकिरी डोंगर. पाऊस फार थोडा.

१९७० साली या देशात अवघ्या तीन शाळा होत्या. त्यांत सुमारे ९०० मुले शिकत. मुलींना तिथे जागा नव्हती. पुढे गावोगावी शाळा निघाल्या. मुलीही दप्तर घेऊन निघाल्या. १९८६ साली मस्कतजवळ अल खौद येथे सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे सोळाच वर्षांनी!

विद्यापीठातल्या एवढ्या मोठ्या मुलांना लिहायला काय शिकवायचे, असे तुम्हांला वाटेल. पण त्यांची भाषा अरबी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. विज्ञान, वैद्यक असे विषय मात्र इंग्रजीतून शिकायचे. तिथे सगळे उलटे! अरबीत 'प' हा उच्चार नाही. म्हणून काही जणांच्या तोंडी 'पेपर'चा 'बेबर' होतो आणि लिहितानाही तीच चूक होते. शिवाय अरबीत वाक्ये 'आणि'ने जोडत गेले तरी शोभते. इंग्रजीत ते चालत नाही. तुम्हीही सहलीच्या निबंधात 'आणि मग डबा खाल्ला आणि मग खेळलो' असे लिहिता ना? तसेच ते.

लिहायला शिकायचे तर लिहावे लागते, कोणीतरी ते वाचावे लागते आणि पुन्हा लिहावे लागते. यासाठी तिथे संगणकाची मदत घेतात. 'मूडल' नावाच्या व्यवस्थेत विद्यार्थी आपले लेखन ठेवतो. शिक्षक आपल्या जागेवरून ते वाचतात, शेरा लिहितात. सोबतीही वाचतात. मूडल तयार करणारे मार्टिन डुगियामस लहानपणी ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवंटी वस्तीत राहत. जवळ शाळा नव्हती. ते रेडिओवरून शिकले!

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ओमानमधले वर्ग बंद झाले. मुले आपापल्या गावी गेली. तेव्हा लेखनाचे तासही संगणकावर आणि मोबाइलवर होऊ लागले. डोंगरातल्या गावी रेंज शोधत फिरावे लागले, तर मात्र पंचाईतच.

समजा, अशाच एका डोंगरी गावातल्या मुलाला विषय मिळाला, 'आमचा फलज'. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातले पाणी शेतापर्यंत आणणारा पाट. ओमानमधले असे पाच फलज २००६ साली जागतिक वारसा ठरले. मुलाने लिहिले, "आमच्या गावात फलज आहे. तो फार चांगला आहे."

संगणकाने स्पेलिंगची एक चूक दाखवली. बाकी त्याचे काही म्हणणे नव्हते.

शिक्षिकेने शेरा लिहिला, "चांगला म्हणजे कसा?" दूर दक्षिणेला, सलाला शहरात राहणाऱ्या वर्गातल्या मुलीने विचारले, "मी फलज पाहिलेला नाही. एकाच पाटाचे पाणी सगळ्यांना कसे पुरते?"

मुलगा अडला. रोजचा पाट, पण हे त्याला कुठे ठाऊक होते! तो आजोबांकडे गेला. आजोबा म्हणाले, "पूर्वी घड्याळे नव्हती रे. दिवसा काठीची सावली बघून पाण्याची पाळी ठरायची. रात्री तारे बघायचे. अमुक तारा डोंगरावर आला, की पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडायचे."

मुलाने सगळे पुन्हा लिहिले. 'फार चांगला' हे शब्द आपोआप गळून पडले. काठी आली, तारे आले, रात्री फावडे घेऊन जागणारे आजोबा आले.

सलालात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, भुरभुर पाऊस पडतो. तिथल्या त्या मुलीने ते दोनदा वाचले आणि खाली लिहिले, "छान! पण रात्री ढग आले तर?"

मुलगा पुन्हा आजोबांकडे धावला.